बुजरी घोडी आणि गेटबाहेरचं जग

पत्र : माझ्याकडे साडेतीन वर्षांची घोडी आहे, नाव बिजली. कुंपणाच्या आत ती गाईसारखी गरीब. खरारा, खूर उचलणं, लांब दोरीवर गोल फिरणं, सगळं निमूट करते. पण गेटबाहेर पाऊल पडलं की दुसरीच घोडी! मान ताठ, नाकपुड्या फुललेल्या, आणि घराकडे तोंड करून खिंकाळत राहते. गेल्या आठवड्यात मागून मोटरसायकल आली, तशी तिने उडी घेतली. दोरी हातातून सरसर निघून गेली आणि ही चौखूर उधळत गेटशी येऊन थांबली. माझा तळहात सोलून निघाला. जाणकार मंडळी दोन सल्ले देतात. एक, चार दिवस रस्त्याच्या कडेला बांधून ठेव, आपोआप भीड चेपेल. दुसरा, जिथे बुजते तिथूनच चाबूक दाखवून ने, नाहीतर डोक्यावर बसेल. मला दोन्ही पटत नाहीत, पण तिसरं काही सुचतही नाही. विकून टाकू का? तिच्यावर बसून बाहेर जायचं मनातून काढून टाकू का?

उत्तर : आधी तळहाताबद्दल. दोरी सरसर निघून गेली हे एका अर्थी बरंच झालं. ती हाताला गुंडाळलेली असती तर आज तुम्ही बोटांबद्दल लिहिलं असतं. यापुढे दोरी घडी घालून धरायची, वेटोळं करून हातात अडकवायची नाही. हातमोजे, डोक्यावर हेल्मेट, पायात बंद बूट. दोरी तीन-साडेतीन मीटरची हवी, म्हणजे तिने उडी घेतली तरी तुम्हाला बाजूला सरायला जागा राहते. उभं राहायचं ते तिच्या खांद्याच्या रेषेत, थोडं अंतर राखून. तोंडासमोर उभं राहिलात तर घाबरलेल्या घोड्याला पुढे जायला तुमच्या अंगावरूनच वाट राहते.

आता बिजलीकडे वळू. तुमच्या पत्रातला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा शब्द मोटरसायकल नाही, ‘खिंकाळत’ हा आहे. घोडी खिंकाळते ती कुणाला तरी हाक मारायला. गोठ्यात तिच्यासोबत आणखी घोडी असणार, आणि गेटबाहेर ती एकटी पडते. कळपात जगणाऱ्या जनावराला एकटं पडणं हीच मोठी भीती, आणि अशा वेळी मोटरसायकल आली की दोन्ही भीती एकावर एक चढतात. आपण मात्र दोष देतो मोटरसायकलला. याची परीक्षा सोपी आहे. एखादा वयस्क, रस्ता सरावलेला, स्वभावाने थंड घोडा सोबत घ्या आणि त्याच वाटेने न्या. बिजलीचा बुजरेपणा निम्म्यावर आला, तर तिचं पहिलं दुखणं एकटेपणाचं आहे हे कळेल.

थंड सोबत्याचा गुण लागतो हे अभ्यासांतूनही दिसलं आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात नवख्या घोड्यांना भीतीदायक गोष्टीसमोर नेताना, ती गोष्ट सरावलेला शांत घोडा बरोबर दिला, तेव्हा नवखे कमी घाबरले, त्यांच्या हृदयाचे ठोकेही कमी राहिले. म्हणून पहिले काही आठवडे सोबत्याला पुढे ठेवा, बिजली मागे. मग दोघं शेजारी, मग बिजली पुढे आणि तो मागे, मग तो बराच मागे. एक दिवस तो गेटशीच थांबेल आणि बिजली वीस पावलं एकटी जाऊन परत येईल. सोबती मात्र खरोखर थंड हवा. दोन घाबरट एकत्र नेलेत तर दोघांची भीती बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते.

त्याआधी पशुवैद्याला एकदा दाखवून घ्या. घोड्यांचे समोरचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास टप्प्याटप्प्याने पडून कायमचे येतात. तुमची घोडी नेमकी त्या वयात आहे. दुखतं तोंड, पोटातला व्रण, पाठीचा ताण, अधू डोळा, यातलं काहीही असलं तरी जनावर चटकन भडकतं. आणि दिवसातला बराच वेळ ती बंद खोपटात उभी राहून भरपूर दाणा खात असेल, तर तो दाणा कुठून तरी बाहेर पडणारच. तासन्‌तास मोकळं फिरणं आणि चारा, ही शिकवणीची पहिली इयत्ता समजा.

आता तुमच्या जाणकारांचा पहिला सल्ला, रस्त्याकडेला बांधून ठेवण्याचा. तो मी स्वतः करून बसले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. माझं दोन वर्षांचं शिंगरू पाण्याच्या पंपाच्या आवाजाला बुजायचं. मी त्याला पंपाजवळच खुंट्याला बांधलं. पहिल्या दिवशी घामाने निथळलं. दुसऱ्या दिवशी खुंटा हलवून सोडला. चौथ्या दिवशी दगडासारखं उभं राहिलं आणि मी सगळ्यांना दाखवत सुटले, बघा कसं सुधारलं! साधारण महिन्याने एका शांत सकाळी कुठेतरी ताडपत्री फडफडली. कान हलवला नाही, फुरफुरलं नाही, कसलीही सूचना न देता ते मागच्या मागे उलटलं. माझं मनगट मोडलं, त्याच्या मानेला महिनाभर ताण राहिला. ते शांत झालेलंच नव्हतं. काही केलं तरी सुटका नाही एवढंच ते शिकलं होतं, आणि त्या नादात मी त्याचे घाबरण्याआधीचे सगळे इशारेही पुसून टाकले होते.

डेन्मार्कमध्येच २००६ साली दोन वर्षांच्या नर घोड्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. भीतीची वस्तू होती हलणारी पांढरी नायलॉनची पिशवी. काही घोड्यांना ती थेट दाखवली, काहींना तिच्यासोबत खाऊ दिला, आणि काहींना ती टप्प्याटप्प्याने, सौम्य रूपापासून सुरू करून दाखवली. टप्प्याटप्प्याने शिकलेले सगळ्यात कमी वेळा पळाले, त्यांना सत्रंही कमी लागली आणि त्यातला एकूण एक घोडा शिकला. बाकीच्या गटांत काही शेवटपर्यंत शिकलेच नाहीत. मला त्यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. घोडे वरून शांत दिसायला लागल्यावरही काहींच्या हृदयाचे ठोके वरखाली होतच राहिले. माझं दगडासारखं उभं शिंगरू मी यानंतर वेगळ्या नजरेने आठवलं.

तर तिसरा मार्ग काय? अंतर. तुमच्या हातात दोरी, चाबूक, खाऊ यापेक्षा मोठं हत्यार अंतराचं आहे. बिजलीला प्रत्येक भीतीपासून एक अशी रेषा आहे, जिच्या अलीकडे ती अजून चरू शकते आणि पलीकडे तिचं तोंड थांबतं. ती रेषा शोधायची आणि सगळी शिकवणी तिच्या अलीकडे करायची.

ही रेषा कशी दिसते ते सांगते. तुम्ही गेटबाहेर गवताच्या तुकड्यावर उभे आहात, तिचं डोकं खाली आहे, कुर्रकुर्र आवाज येतोय. दूरवर काहीतरी हलतं. आधी एक कान तिकडे वळतो, दुसरा तुमच्याकडेच असतो आणि चावणं चालू असतं. हे उत्तम. मग दुसराही कान तिकडे जातो आणि चावणं थांबतं, अर्धी काडी ओठातून लोंबत राहते. इथे तुम्ही रेषेवर आहात. मग डोकं वर येतं, ओठ आवळले जातात, डोळ्याच्या वर सुरकुती उमटते, पापणी लवायची थांबते, आणि छातीजवळ हात ठेवलात तर श्वास अडकलेला जाणवतो. त्यानंतरची पायरी उडीची. बहुतेक माणसं उडी बघून जागी होतात आणि मग दोरी ओढतात. तुम्ही लोंबणाऱ्या काडीपाशी जागे व्हा. त्या क्षणी दोन-चार पावलं मागे सरा, हळूच, वळसा घेऊन, आणि थांबा. ती श्वास सोडेल, कदाचित फुर्रर्र करेल, जीभ फिरवेल आणि काडी चावायला लागेल. तेवढं झालं की आजचा धडा झाला. पाच मिनिटं झाली असली तरी झाला.

लोक म्हणतील, असं मागे हटलात तर ती डोक्यावर बसेल. जिच्या पाठीवर आपण बसायचं ठरवलंय तिने आपल्या डोक्यावर बसायची भीती आपल्याला का वाटावी, हे मला कधी समजलं नाही. बुजणं हा हट्ट नसतो. ‘आज तिला इथून नेलंच पाहिजे’ हे जे आपल्या डोक्यात येतं, तो हट्ट. आणि चाबूक दाखवून नेलंत तर ती पुढे जाईलही, पण त्या जागी पूर्वी एकच भयंकर गोष्ट होती, आता दोन झाल्या. दुसरी तुम्ही.

न घाबरणारा घोडा मी अजून पाहिलेला नाही. घाबरून पटकन परत भानावर येणारे पाहिलेत, आणि बाहेर नेण्याजोगे तेच असतात. म्हणून एक छोटी वही ठेवा. बिजली बुजली की मनात सेकंद मोजा, डोकं पुन्हा खांद्याच्या खाली येईपर्यंत. पहिल्या आठवड्यात दीडशे सेकंद लागतील, कधी येणारही नाही. महिन्याने चाळीस. मग पंधरा. ती किती वेळा बुजली हा आकडा तुम्हाला निराश करेल, कारण जग रोज नवी वस्तू समोर टाकतं. परत येण्याचे सेकंद मात्र खरं सांगतात. हौस असेल तर नाडीही शिकून घ्या. खालच्या जबड्याच्या हाडाच्या कडेला आतून बोट फिरवलं की एक जाड रक्तवाहिनी दोरीसारखी लागते. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचं. मोठं घोडं स्वस्थ उभं असताना मिनिटाला साधारण २८ ते ४४ ठोके पडतात, घाबरल्यावर ते क्षणात दुप्पट-तिप्पट होऊ शकतात.

बाहेर जायची खरी तयारी कुंपणाच्या आतच होते. तुमची घोडी आत सगळं करते असं तुम्ही म्हणता, पण मला शंका आहे की ती सवयीने करते, दोरी समजून नाही. तपासून बघा. दोरी हलकेच पुढे केली की एक पाऊल पुढे, मागे केली की एक पाऊल मागे, बाजूने आवळली की मागचे पाय सरकवून तुमच्याकडे तोंड. प्रत्येक वेळी तिने नुसता विचार जरी केला तरी दोरी त्याच क्षणी सैल. घोडा ताणातून शिकत नाही, ताण सुटतो त्या क्षणातून शिकतो. तो क्षण एका सेकंदाने चुकला तर आपण भलतंच शिकवून बसतो. तिने डोकं वर झटकलं आणि नेमका तेव्हाच तुमचा हात सैल पडला, तर ती डोकं झटकायला शिकली. हे रोज दहा मिनिटं करा. मग बाहेर ती थबकली की तुमच्याकडे तिला विचारायला एक ओळखीचा प्रश्न असेल, ‘एक पाऊल मागे येतेस?’ भेदरलेल्या जनावराला ओळखीचा प्रश्न म्हणजे धरायला कठडा. थोपटायचं असेल तर धपाधपा थोपटू नका. मानेच्या बुडाशी, आयाळ संपते तिथे, सावकाश खाजवा. घोडी एकमेकांना तिथेच चावून खाजवतात आणि तिथे खाजवल्याने हृदयाचे ठोके उतरतात हे मोजून पाहिलेलं आहे.

आता मोटरसायकल. मागून येणारी, जवळ येत जाणारी, आवाज करणारी वस्तू ही शिकारी जनावराची हुबेहूब नक्कल आहे, म्हणून तो धडा सगळ्यात शेवटी. सुरुवात उलटी करायची. ओळखीच्या कुणाला तरी मोटरसायकल घेऊन बोलवा, ज्याला अर्धा तास कंटाळवाणं काम करायला हरकत नसेल. पहिल्या दिवशी ती आवारात नुसती उभी, इंजिन बंद. बिजलीला हवं तेवढं लांबून बघू दे, हवं तर हुंगू दे, पण तिला ओढत तिथे नेऊ नका. पुढे कधीतरी इंजिन चालू, गाडी जागेवर, घोडी बरीच लांब. मग गाडी हळूहळू दूर जाईल आणि तुम्ही घोडीसह तिच्या मागून चालाल. इथे गंमत होते. जी वस्तू आपल्यापासून पळते तिची भीती कशी वाटणार? पाच-सात फेऱ्यांत बऱ्याच घोड्यांचे कान पुढे येतात, चाल सैल होते, काही तर पाठलाग केल्यासारखी भरभर चालायला लागतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आवरलं नव्हतं. त्यानंतर गाडी आडवी जाईल, मग समोरून येऊन लांबून पुढे जाईल, आणि सगळ्यात शेवटी, कित्येक दिवसांनी, मागून येईल, तीही सावकाश आणि भरपूर जागा सोडून. ताडपत्री, छत्री, ढकलगाडी, सगळ्यांना हीच युक्ती लागू पडते.

तुमच्या घोडीला जग कसं दिसतं तेही जरा लक्षात घ्या. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे तिला जवळपास चोहीकडचं दिसतं, मात्र थेट शेपटीमागचं आणि कपाळाच्या अगदी पुढ्यातलं दिसत नाही. जमिनीवरची वस्तू नीट पाहायला तिला डोकं खाली घ्यावं लागतं, लांबची पाहायला वर. आपण घाबरून दोरी हनुवटीजवळ घट्ट धरतो आणि तिचं बघणंच बंद करतो. उजेडातून सावलीत गेल्यावर तिच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून झाडाखालच्या काळोख्या पट्ट्यापाशी ती थबकली तर क्षणभर थांबा.

आणि हे ऐका, यावरून मालक फार चिडतात. जाताना ती एका गोष्टीजवळून शांत गेली, येताना त्याच गोष्टीला बुजली. ‘मुद्दाम करते!’ २०२१ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दोन-तीन वर्षांच्या घोड्यांना लहान मुलांच्या खेळण्याच्या एका मोठ्या प्लास्टिकच्या वस्तूची पूर्ण सवय केली, मग ती नुसती ९० अंशात फिरवून ठेवली. घोडे पुन्हा नव्याने बुजले. जागा तीच, वस्तू तीच, फक्त बाजू वेगळी. परतीच्या वाटेवर जग असंच फिरवून ठेवलेलं असतं. तेव्हा जाणं आणि येणं हे दोन वेगळे रस्ते समजून शिकवा. वाऱ्याच्या दिवशी नवं काही काढू नका. सगळंच हलत असतं, आणि कुठला आवाज कशाचा हे तिला लावता येत नाही.

तुमच्याबद्दल एक विचारते, राग मानू नका. दोरी हातातून गेल्यापासून गेटशी पोहोचलात की तुमचा श्वास कसा असतो? २००९ च्या एका स्वीडिश अभ्यासात माणसांना घोडा घेऊन चार वेळा एकाच वाटेने जायला सांगितलं. चौथ्या खेपेला त्यांना सांगितलं की घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री कुणी उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेही. म्हणजे मोटरसायकल ऐकू येण्याआधीच बिजलीला ती तुमच्याकडून कळत असेल. धैर्याचा आव आणून उपयोग नाही, तो तिला समजतो. उपयोग होतो तो सावकाश श्वास सोडण्याचा, गुडघे सैल ठेवण्याचा, आणि तुम्हालाही सोपं वाटेल एवढंच अंतर निवडण्याचा. रेषा तिची जशी असते तशी तुमचीही असते. दोघांतली अलीकडची असेल ती पाळायची. तुमची भीती काही आठवड्यांत उतरली नाही तर दोरी एखाद्या शांत, जाणत्या हातात द्या आणि तुम्ही शेजारून चाला. यात कमीपणा काही नाही.

इतकं करूनही कधीतरी ती उडी घेईलच. त्या क्षणी ओरडू नका, झटका देऊ नका. खांद्याच्या रेषेत राहून तिचं तोंड तुमच्याकडे वळवा, म्हणजे पळण्याचा जोर गोल फिरण्यात जिरतो. जोर तुमच्या आवाक्याबाहेर जातोय असं दिसलं तर दोरी सोडून द्या. म्हणूनच पहिल्या फेऱ्या अशा वाटेवर घ्या जिथे सुटलेली घोडी वाहनांत जाणार नाही. मग दहा-वीस पावलं मागे, शांत होईपर्यंत थांबणं, आणि मगच घर. भीतीच्या शिखरावरून थेट घरी आलात तर ‘उधळलं की घर मिळतं’ हा धडा तिला एकाच दिवसात पाठ होतो, आणि पत्रातल्या प्रसंगात तो एकदा मिळालेलाच आहे. तो पुसायला एक साधा उपाय. तिचा तोबरा काही दिवस आत देऊ नका, गेटबाहेर दहा पावलांवर द्या. मग वीसवर, पन्नासवर. फिरून आल्यावर आत लगेच खाणं नाही, आधी थोडं काम.

विकू नका. निदान या कारणासाठी तरी. आत शहाण्यासारखी वागणारी घोडी बाहेर घाबरते, यात तिचा स्वभाव वाईट आहे असं काही दिसत नाही. तिने जग पाहिलेलं नाही, एवढंच दिसतं. बसण्याची घाईही नको. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालते, तेव्हा हातात दोरी धरून चालण्यात जाणारं हे वर्ष वाया जात नाही. ज्या वाटेवर ती एकटी, सैल दोरीने, डोकं खाली ठेवून जाते आणि येते, पहिल्यांदा बसून जायचं ते त्याच वाटेवर, थंड सोबत्याच्या मागून, थोडंसंच.

तळहात बरा होईपर्यंत दोरी धरू नका, जखमेवर ती घट्ट धरताही येणार नाही. तोवर एक काम करा. कुंपणाच्या आत, गेटपासून थोडं लांब, बिजली मोकळी चरत असेल तिथे खुर्ची टाकून बसा, रोज अर्धा तास. बाहेरून काय गेलं, तिचा कान केव्हा वळला, चावणं केव्हा थांबलं आणि किती सेकंदांनी सुरू झालं, वहीत लिहा. आठवड्याभराची पानं भरली की मला पाठवा. पुढचं अंतर आपण त्यावरून ठरवू.